परीटघडी, बोईसर ते टी-टू

विमानात कोट चुरगळतो, ही अफवा आहे. विमानात बसेपर्यंत त्यात चुरगळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. निदान पालघर-बोईसरच्या कोटात तरी नाही.

सूट विमानातून बिनसुरकुतीचा कसा न्यावा, याची विद्या शिकवणारे उदंड झालेत. टिश्यू पेपरचे थर द्या, गारमेंट बॅग घ्या, हवाई सुंदरीशी गोड बोला म्हणजे ती कोट पुढच्या कपाटात टांगून देईल. सगळं खरं. पण या मंडळींचा प्रवास विमानतळाच्या दारात सुरू होतो. त्या दारापर्यंत माणूस पोचला कसा, हे विचारायचं त्यांना सुचत नाही. बोईसरहून अंधेरी ऐंशीएक किलोमीटर. पहिली सुरकुती उमरोळीच्या आतच पडते आणि सहार विमानतळाचं टी-टू टर्मिनल येईपर्यंत तिचं सगळं खानदान गोळा झालेलं असतं.

सुटाबुटात विमानाने जाणारं तिकडे आहे कोण, असं पार्ल्याच्या वाचकाला वाटेल. त्याच्या लेखी आमच्याकडे चिकू, पापलेट आणि वारली चित्रं एवढंच होतं. तर ऐका. तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीतला क्वालिटीवाला हैदराबादला ऑडिटच्या बैठकीला जातो. अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीत वाढलेला मुलगा दिल्लीला मुलाखतीला जातो. पालघरच्या कॉलेजातल्या बाई बेंगळुरूच्या परिषदेत पेपर वाचायला जातात. लग्नाची वऱ्हाडं हल्ली इंदूर-नागपूरलाही उडतच जातात. शिवाय 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाल्यापासून साहेबलोकही वाढलेत, पण त्यांचं सोडा. त्यांचा कोट सरकारी गाडीत मागच्या खिडकीजवळच्या हुकावर ताठ मानेने लटकून जातो. आपण बोलतोय ते लोकलच्या पासवाल्यांच्या कोटाबद्दल.

एप्रिल 2013 मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हा आपण पेढे वाटले होते. वाटायलाच हवे होते. पण सूट घेऊन त्या लोकलमध्ये एकदा चढून बघा. सकाळच्या गाडीत बोईसरला बसायला मिळालंच, तर कोट मांडीवर घ्यायचा. पालघरला बाजूला चौथा येऊन टेकतो. मग कोट पोटाशी. सफाळ्याला भाजीच्या टोपल्या आणि मंडळी चढतात, तेव्हा कोट पोटाशी की पाठीशी हे तुमच्या हातात उरत नाही. विरारला जे होतं त्याचं वर्णन इथे करत नाही. फ्लाइंग राणीत निदान डबलडेकर डबे होते, वरच्या मजल्यावर जरा ऐसपैस वाटायचं. 2023 मध्ये तेही गेले.

वरची फळी म्हणाल, तर तिचा कायदा पासवाल्यांना पाठ आहे. आधी ठेवणाऱ्याची बॅग खाली, शेवटी ठेवणाऱ्याची वर. लवकर चढून, नीट आडवा करून, हात फिरवून ठेवलेल्या कोटावर नालासोपाऱ्यापर्यंत दोन सॅक, एक छत्री आणि कुणाचा तरी चार पुडांचा डबा बसलेला असतो. गंमत म्हणजे विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यालाही हुबेहूब हाच कायदा लागू आहे. ज्यांनी लोकल बघितलेली नाही ते आधी कोट ठेवतात आणि त्यावर अख्ख्या रांगेच्या ट्रॉली बॅगा रचल्या जातात. आपल्या माणसाने हा कायदा तिथे वापरावा. कोट हातावर घेऊन शांत बसायचं, सगळ्यांचं सामान कोंबून झालं, कप्पा मिटायला आला, की उठायचं आणि सर्वांत वर अलगद पसरायचा. हवाई सुंदरीशी गोड बोलायची गरज नाही. आणि ते पुढचं कपाट असतंच बिझनेस क्लासवाल्यांच्या कोटांसाठी. आपल्याला ते पडद्याच्या फटीतून दिसतं, तेवढंच.

लोकल नको तर गाडी करा, असं म्हणणारे असतात. चिल्हार फाट्याला किंवा मनोरला महामार्ग धरायचा आणि वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलापाशी नशिबावर हवाला ठेवायचा. या रस्त्याचं काँक्रीट करताना झालेल्या कोंडीत विमानं चुकलेली माणसं इथे गल्लोगल्ली भेटतील. कोट अंगात घालून गाडीत बसलात तर पाठीला घाम आणि छातीवर सीटबेल्टचा तिरका शिक्का. शेपटावर बसलात तर मागून पंखा तयार. गाडीत कोट काढून ठेवायचा असतो, हे समोरच्या सीटच्या पाठीला कोट घालणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही कळतं.

यावर उपाय येतोय, असं सरकार म्हणतं. वाढवण बंदराची कोनशिला 30 ऑगस्ट 2024 ला बसली. मच्छीमारांचा विरोध आहे तो आहेच, पण बंदराच्या जोडीला विमानतळाचीही घोषणा झाली आहे. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे, एक विरारला. विरार-डहाणूचे चार रूळ व्हायचेत. म्हणजे एक दिवस असा येईल की बोईसरचा माणूस गादीवरून उठून, कोट घालून, दहा मिनिटांत विमानात बसेल. आजचा कोट तोवर कुणाला बसणार नाही, ती गोष्ट वेगळी.

तर आज काय करायचं ते बघू. आधी हिशेब. विमानात हातात न्यायच्या बॅगेचं माप सर्वसाधारणपणे 55 गुणिले 35 गुणिले 25 सेंटिमीटर आणि वजन सात किलो. मध्यम चणीच्या पुरुषाचा कोट मागून 75 सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि खांद्याला 45 रुंद. लांबी बसत नाही, रुंदीही बसत नाही. म्हणजे घडी घालावीच लागणार. कोट हातातल्या बॅगेतून न्यायचा असेल, तर सुरकुती नियमातच बसवलेली आहे. तुमच्या हातात एवढंच उरतं, की ती कुठे पडावी आणि किती खोल.

इथे जरा कापडाच्या पोटात शिरू. कापूस, लिनन, व्हिस्कोस हे सगळे सेल्युलोजचे. त्यातल्या साखळ्या एकमेकींचे हात धरून असतात, फुगडीला उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या. ओल आली की हात सुटतात. नेमकं तेव्हाच कापड दुमडलेलं असेल, तर त्या दुमडलेल्या जागीच नवे हात धरतात, आणि ओल वाळली की ती पकड पक्की होते. आता आपला मार्ग आठवा. आधी किनारपट्टीची दमट हवा, त्यात लोकलचा घाम, म्हणजे हात सोडवायची सोय झाली. मग विमान. लांब पल्ल्याच्या विमानात आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते, म्हणजे वाळवण्याची सोय झाली. बोईसरला ओला करायचा, सफाळ्याला दुमडायचा आणि ढगांत सुकवायचा. सुरकुती पाडायची याहून सुबक पद्धत कारखान्यातही सापडणार नाही.

कारखान्यांची गोष्ट निघालीच आहे. सूटिंगचं कापड विणणाऱ्या सियारामचे कारखाने तारापूर एमआयडीसीत आहेत. पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडातल्या डी'डेकॉरचेही आहेत. कापड रंगवणारी प्रोसेस हाउसं तर विचारूच नका; नाल्याचा आजचा रंग बघून कुठला लॉट चालू आहे ते सांगणारे बहाद्दर इथे आहेत. स्टेंटर मशीनवर पॉलिएस्टरचं कापड चिमट्यांत ताणून 180-200 अंशांच्या गरम हवेतून काढतात. या उष्णतेत धाग्याला एकदा जो सरळपणा बसतो तो तो विसरत नाही. म्हणून पॉली-व्हिस्कोसची पँट दिवसभर चुरगळूनही रात्री टांगली की सकाळी बरी दिसते, आणि लिननची पँट नुसती बघितली तरी चुरगळते. लोकरीचं वेगळं. तिचा धागा निसर्गतःच नागमोडी असतो, दाबला तरी उसळून जागेवर येतो. सुती कापडाला हा गुण रसायनाने लावावा लागला. गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रूथ बेनेरितो या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा त्यात मोठा वाटा होता. रिंकल-फ्री शर्टाचा जो काही मोठेपणा आहे, तो बराचसा त्यांच्या मागच्या प्रयोगशाळेचा.

सांगायचा मुद्दा हा, की न चुरगळणारं कापड ज्या गावात ताग्याने निघतं, त्या गावातला मुलगा मुलाखतीसाठी लिननचा ब्लेझर शिवून घेतो. कारण सिनेमातल्या हिरोने घातला होता. हिरोच्या मागे इस्त्री घेऊन उभा असलेला माणूस पडद्यावर दिसत नाही.

सूट दमट प्रदेशातून न्यायचा असेल तर पातळ लोकरीचा किंवा पॉली-व्हिस्कोसचा घ्या, गडद रंगाचा घ्या, जमलं तर बारीक विणीची नक्षी असलेला घ्या. नक्षीत सुरकुती हरवते. एवढं केलंत तर निम्मं काम दुकानातच झालं.

उरलेलं निम्मं बिछान्यावर. कोट पालथा पसरा. डावा खांदा आतून बाहेर उलटा करा, अस्तर वर येऊ द्या. आता उजवा खांदा तसाच ठेवून त्या उलट्या खांद्यात सरकवा. दोन्ही खांदे एकात एक बसले, की कोट अर्ध्या रुंदीचा होतो, अस्तर बाहेर आणि तोंड आत. बाह्या आत सरळ करा, तिथेच लोक घाई करतात. मग ड्रायक्लीनवाल्याने दिलेली ती पातळ प्लास्टिकची पिशवी, जी तुम्ही फेकणार होतात, ती वर चढवा. प्लास्टिकवर कापड घसरतं, अडकून बसत नाही, म्हणून घडी टोकदार होत नाही. आणि कमरेशी जिथे दुमडायचं, तिथे टर्किश टॉवेलची जाड वळकटी ठेवून तिच्यावरून कोट वळवा. गोल वळणाला सुरकुती पडत नाही, तीक्ष्ण वळणाला पडते. ही सगळी विद्या या एका वाक्यात आहे आणि ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कापडावरचं वारली चित्र कुणी रुमालासारखी घडी घालून नेत नाही, गुंडाळून नेतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं परदेशातल्या दालनांत लागली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तांदळाच्या पिठाची ती पांढरी माणसं समुद्रापार गेली, ती कमरेत दुमडून गेली असती तर तारपा नाचाचं वर्तुळ तुटलं असतं.

शर्टाचं एवढंच: कॉलरमध्ये पट्टा गुंडाळून ठेवा. तो तसाही बॅगेत मोकळा फिरत असतो. आणि बॅग गच्च भरा. अर्धी रिकामी बॅग हे सुरकुत्यांचं माहेर. कपडे आत घसरत राहतात आणि एकमेकांना चुरगळत राहतात.

इस्त्रीचं एक इथलं दुखणं आहे. देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र 1969 मध्ये तारापूरला सुरू झालं. त्याची वीज कुठे कुठे जाते याचा नकाशा मोठा आहे. पण जुलैतल्या पहाटे पाचला, बाहेर रिक्षा उभी आणि आत कोट टेबलावर, अशा वेळी इस्त्री तापायला आणि दिवे जायला एकच गाठ पडते. मग नाक्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याला उठवा. तो उठत नाही. म्हणून जुनी माणसं आदल्या रात्री पँट गादीखाली घालून त्यावर झोपत. फार जुनी माणसं तांब्यात निखारे घालून तो शर्टावरून फिरवत. दोन्हीला वीज लागत नाही, आणि गादीची पद्धत आजही लोकलच्या पासाइतकीच स्वस्त आहे. फक्त कूस बदलायची नाही.

बायकांनी मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. साडी शिवलेली नसते. तिला खांदे नाहीत, पॅड नाहीत, अस्तर नाही. सपाट कापड, सपाट घडी, आणि नेसताना निऱ्यांत निम्म्या सुरकुत्या खपतात. पैठणीचंही भय सुरकुतीचं नसतं, जरीचं असतं. त्याच त्याच घडीवर जर तुटते, म्हणून मऊ सुती कापडात गुंडाळून अधूनमधून घडी बदलतात. धोतराला तर चुण्याच हव्यात, त्या नसल्या तर लोक हसतात. म्हणजे आपल्या हवेला, आपल्या गर्दीला आणि आपल्या ट्रंकेला शोभेलसा औपचारिक पोशाख आपल्याकडे होता. तो सोडून आपण लंडनच्या थंडीसाठी कापलेला, खांद्यात कापूस भरलेला डगला निवडला आणि आता तो मे महिन्यात पालघर स्टेशनच्या जिन्यावर चढवतोय. बरं, मुलाखतीला धोतर नेसून जा असं मी कुणाला सांगणार नाही. पोरांचं नुकसान करायचं नाही.

मुक्कामी पोचल्यावरचं सगळ्यांना माहीत असतं. बॅग आधी उघडायची, फोन नंतर लावायचा. कोट हँगरवर, हँगर बाथरूममध्ये, गरम पाण्याचा शॉवर सोडून दार बंद, दहा-पंधरा मिनिटं. वाफेने लोकर सैल होते, सुरकुत्या आपोआप गळतात. मग बाहेर काढून पूर्ण गार आणि कोरडा होईपर्यंत घालायचा नाही. ओलसर अंगावर चढवलात, तर फुगडीतल्या पोरी तुमच्या कोपराच्या घडीतच हात धरतील.

या उपायात एकच धोका आहे आणि तो बॅग घरून निघते तेव्हाच आत शिरतो. कोट नीट बसलेला असतो. वळकटी जागेवर. तेवढ्यात आई येते. दिल्लीला मावशी राहते, तिला काही नको का पाठवायला? सुकं खोबरं विमानवाले घेत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याची भीती, हे एव्हाना आईलाही कळलंय. चिकू मऊ झालेत, ते कोटावर फुटतील. मग उरतं काय? वर्तमानपत्रात तीन वेळा गुंडाळलेले, प्लास्टिकात दोन वेळा बांधलेले, अजिबात वास येत नाही बघ, असे सुके बोंबील. बॅग गच्च भरायचीच होती ना? कोपऱ्यात बसतात.

आणि बसतातही. सिक्युरिटीला कळत नाही, शेजारच्या सीटवाल्याला कळत नाही, कारण विमानातली हवा कोरडी आणि कोट थंड. बाथरूममध्ये मात्र लोकर वाफ पिते, फुलते, आणि सुरकुत्यांबरोबर बाकीचंही सगळं सोडून देते. साडेदहाला मुलगा मुलाखतीच्या खोलीत शिरतो. पाठीवर एक रेघ नाही, बाह्यांवर एक चुणी नाही, परीटघडीचा नमुना. समोरचे तीन साहेब फाइल उघडतात आणि एकदमच थांबतात. त्यातला एखादा मूळचा अलिबागकडचा निघाला, तर पहिला प्रश्न विषयाला सोडून असतो: सातपाटीचे की डहाणूचे?